पिचर, तस्त आणि वाहून आणलेले पाणी : व्हिक्टोरियन टॉयलेट सेटच्या आस्वादाची चिकित्सा

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश मध्यमवर्गीय घराच्या शयनगृहात संगमरवरी माथ्याचे एक मेज असे आणि त्यावर चिनी मातीचा एक संच मांडलेला असे. रुंद चोचीचा उंच पिचर, तो ज्यात उभा राहील असे पसरट तस्त, जाळीची साबणदाणी, दात घासण्याचे ब्रश ठेवण्याचे उभे पात्र, ऊन पाण्याचा लहान पिचर, पलंगाखाली ठेवायचे शौचपात्र आणि झाकणाची सांडपाण्याची बादली अशी त्याची घडण होती. संच लहान-मोठा असे. किंमत वाढे तशी नगांची संख्या वाढे. मात्र सर्व नगांवर एकच नक्षी असावी हा संकेत सहसा मोडला जात नसे. या संचाला 'टॉयलेट सेट' म्हणत. आज हा शब्द मराठी वाचकाला वेगळ्याच दिशेने नेतो. त्या काळी 'टॉयलेट' म्हणजे स्नान, केशरचना, पोशाख असा सगळा प्रसाधनविधी होता.

आज पुराणवस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांत या संचापैकी बहुधा दोनच नग एकत्र दिसतात, पिचर आणि तस्त. या जोडीविषयी जे लिहिले जाते त्याचा भर तळावरचा शिक्का, नक्षीचे नाव आणि तडा आहे की नाही या तीन गोष्टींवर असतो. हे ज्ञान निरुपयोगी नाही. १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत आकृतिबंधावर उमटविला जाणारा समभुज चौकोनी शिक्का, किंवा अमेरिकेच्या १८९०च्या आयात-कर कायद्यामुळे १८९१पासून शिक्क्यात आवर्जून येऊ लागलेले 'इंग्लंड' हे नाव, यांवरून वस्तूचा काळ बऱ्यापैकी ठरविता येतो. परंतु काळ ठरविणे म्हणजे आस्वाद नव्हे आणि नक्षी ओळखणे म्हणजे समीक्षाही नव्हे. पाणी हाताळण्यासाठी घडविलेल्या वस्तूचे मूल्यमापन पाणी वगळून होत असेल, तर त्या मूल्यमापनाची पद्धतच तपासून पाहणे आवश्यक ठरते. ते पाणी कोण आणत होते, कोण ओतत होते आणि कोण उचलून नेत होते, हा प्रश्न या वस्तूच्या रूपाबाहेरचा आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याचे उत्तर तिच्या रूपातच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ओतणाऱ्या हाताचे अदृश्य होणे

भांड्यातून हातावर पाणी घालण्याची रीत युरोपला परकी नव्हती. मध्ययुगीन मेजवानीत सेवक पाहुण्यांच्या हातावर पाणी ओतत आणि खाली पात्र धरत. पश्चिम आशियात व हिंदुस्थानात आफ्ताबा आणि चिलमची ही जोडी याच रीतीची. आफ्ताब्याची चोच लांब, निमुळती व वळणदार असते, कारण बारीक धार नेमकी हातावर पडावयाची असते. चिलमचीवर पुष्कळदा सच्छिद्र झाकण असते. वापरलेले पाणी त्याखाली जाऊन दिसेनासे होते. एकाच वेळी दोन माणसे समोरासमोर असतील तरच ही जोडी काम करते, हे येथे ध्यानात घ्यावयाचे आहे. मराठी घरांतही आल्यागेल्याच्या हातावर तांब्याने पाणी घालण्याची चाल होती व काही ठिकाणी ती आजही आहे. तीतही घालणारा हात दिसतो.

कंपनीच्या काळातील इंग्रजांना ही भांडी चांगली परिचित होती. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात चिलमची नोंदविली आहे; बंगाल्यात ती पितळेची आणि पश्चिमेकडे व दक्षिणेकडे कल्हई केलेल्या तांब्याची असे, असा फरकही त्यात सांगितला आहे. याच कोशात 'गॉग्लेट' अथवा 'गगलेट' हा शब्द आहे. पोर्तुगीज 'गॉर्गोलेटा'वरून आलेला हा शब्द हिंदुस्थानातील इंग्रजांच्या तोंडी सुरईसारख्या पाण्याच्या भांड्यासाठी रुळला होता. अठराव्या शतकातील वुस्टर येथील पोर्सेलीनमध्ये तस्ताच्या जोडीने येणाऱ्या लांब मानेच्या पात्रालाही 'गगलेट'च म्हटले जाते. म्हणजे पिचर रूढ होण्यापूर्वीची इंग्लिश जोडी नावापुरती का होईना, पूर्वेकडील समुद्रमार्गाशी जोडलेली होती.

व्हिक्टोरियन पिचरने ही लांब मान टाकून दिली. पोट फुगले, तोंड रुंदावले, चोच पसरट झाली. हा बदल केवळ अभिरुचीचा मानता येत नाही. येथे धार हातावर सोडावयाची नसून तस्त भरावयाचे आहे; धुणारा माणूस स्वतःच पाणी ओततो आणि मग साचलेल्या पाण्यात हात व तोंड धुतो. (साचलेल्या पाण्यात तोंड धुण्याची कल्पना भारतीय मनाला रुचणारी नाही, पण तो वेगळा विषय.) सेवकाची उपस्थिती ज्या विधीत अनिवार्य होती तो विधी आता बंद दाराआड, एकट्याने उरकता येऊ लागला. या संचाने सेवकाला खोलीबाहेर काढले. त्याच्या श्रमातून मात्र सुटका केली नाही.

कारण पिचर आपोआप भरत नसे. इझाबेला बीटन यांच्या १८६१च्या गृहव्यवस्थापनविषयक ग्रंथात मोलकरणीची दिवसभराची कामे क्रमाने दिली आहेत. शयनगृहातील सांडपाणी उपसणे, भांडी विसळून पुसणे आणि पिचर पुन्हा स्वच्छ पाण्याने भरणे ही त्यांतील नित्याची कामे होत. ऊन पाणी तळघरातील स्वयंपाकघरातून धातूच्या डब्यात भरून वर नेले जाई. १८२४च्या कायद्याने एक इंपीरियल गॅलन म्हणजे दहा पौंड पाण्याचे आकारमान असे ठरविले होते. मोठ्या पिचरमध्ये गॅलनभर पाणी मावते असे धरले, तर एका खोलीसाठी एका वेळेला किमान साडेचार किलो पाणी वर चढे आणि तितकेच, साबणाने गढूळ होऊन, खाली उतरे. चार शयनगृहांच्या घरात सकाळ-संध्याकाळ मिळून या ओझ्याचा हिशेब कोणालाही करता येईल. १८५१च्या जनगणनेत ब्रिटनमधील घरनोकरांची संख्या दहा लाखांवर होती.

हॅना कलविक (१८३३–१९०९) या मोलकरणीच्या दैनंदिनी उपलब्ध आहेत आणि १९८४मध्ये त्यांचे संपादित पुस्तकही निघाले. त्यांत बूट घासणे, चुलीची राख काढणे, सांडपाणी उपसणे अशा नोंदी दिवसामागून दिवस येत राहतात. पिचरवरच्या गुलाबांचा गौरव ज्या लेखनात होतो, त्याच्या शेजारी या नोंदी ठेवून वाचावयास हव्यात.

येथे एक बारकावा विचारात घ्यावा लागतो. चिनी मातीचा पिचर स्वतः क्वचितच जिना चढत असे. जिना चढे तो बिननक्षीचा धातूचा डबा. पाणी शयनगृहाच्या उंबरठ्याआत आल्यावर ते नक्षीदार मातीत ओतले जाई आणि डबा परत जाई. श्रमाचे भांडे व सुखाचे भांडे अशी ही विभागणी आहे. नक्षी नेमकी कोठून सुरू होते हे पाहिले, म्हणजे ती कोणासाठी आहे हे कळते.

नक्षीची घडण

हे संच मुख्यतः स्टॅफर्डशरमधील टन्स्टॉल, बर्स्लम, हॅन्ली, स्टोक, फेन्टन आणि लाँग्टन या सहा गावांत तयार होत. १९१० साली ती मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट हे एक शहर झाले. तेथील दगडी कोळसा, कॉर्नवॉलची पांढरी माती, डेव्हनची चिकण माती आणि दळलेली गारगोटी यांच्या मेळातून तेथील पांढरी मृत्पात्रे घडली. जोसाया वेजवुड (१७३०–१७९५) यांनी मलईरंगी भांडी राजदरबारी पोहोचवून या व्यवसायाला प्रतिष्ठा दिली. चार्ल्स जेम्स मेसन यांनी १८१३मध्ये 'आयर्नस्टोन चायना'चे पेटंट घेतले. हा इतिहास सर्वत्र आढळतो, त्यामुळे येथे विस्ताराची गरज नाही. नक्षी भांड्यावर कशी चढे, हे मात्र सविस्तर पाहण्यासारखे आहे. रूपाची चिकित्सा त्यावाचून अपुरी राहते.

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरले जाई. तेलात खललेला रंग, बहुधा कोबाल्टचा निळा, तापविलेल्या पत्र्यावर चोळून जादा रंग पुसून काढीत. मग साबणपाण्याने ओलसर केलेला पातळ कागद त्यावर दाबून चित्र कागदावर उतरवीत. एक मुलगी कात्रीने कागदातील काठ, गुच्छ, पदके वेगवेगळी कापी. दुसरी स्त्री एकदा भाजलेल्या, अद्याप झिलई न चढविलेल्या भांड्यावर ते तुकडे अचूक जागी बसवून ताठ ब्रशने घासे. कागद पाण्याने धुऊन निघे, रंग मातीत राही. नंतर तेल जाळण्यासाठी हलकी भाजणी, मग झिलईत बुडविणे आणि अखेरची भाजणी. झिलईखाली इतक्या उष्णतेत टिकणारा भरवशाचा रंग म्हणून निळ्याचे राज्य प्रदीर्घ काळ चालले. त्यामागे केवळ चिनी पोर्सेलीनची भुरळ होती असे नाही.

कागद सपाट आणि पिचर सर्व बाजूंनी वक्र. त्यामुळे थाळीवर सहज बसणारी नक्षी पिचरवर बसविताना कागदाला चुण्या पडतात, काठाची दोन टोके जुळत नाहीत. कसबी स्त्री हा सांधा मुठीच्या मागे लपवी. कोणताही छापील पिचर हातात घेतल्यास आधी मुठीच्या मुळाशी पाहावे. तेथे अर्धवट तुटलेले पान किंवा एकमेकांवर चढलेले दोन गुलाब हमखास सापडतात. संग्राहक याला दोष समजतात. वास्तविक संपूर्ण भांड्यावर काम करणाऱ्या हाताने निर्णय घेतल्याची खूण येथेच काय ती दिसते. बाकी चित्र कोरक्याचे आहे; हा सांधा त्या स्त्रीचा आहे.

त्या कारखान्यांतील परिस्थितीविषयी पुरावे विपुल आहेत. बालकामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या वतीने सॅम्युअल स्क्रिव्हन यांनी १८४१मध्ये या गावांत साक्षी घेतल्या. टन्स्टॉल येथे जन्मलेल्या चार्ल्स शॉ यांनी सातव्या वर्षी साचे पळवीत नेण्याचे काम सुरू केले आणि त्या बालपणाची हकीकत १९०३मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८६४मध्ये कारखाना कायद्याची कक्षा या व्यवसायापर्यंत वाढविली गेली. ज्या झिलईमुळे तस्ताचा पृष्ठभाग काचेसारखा स्वच्छ दिसे त्या झिलईत शिसे होते. भांडी झिलईत बुडविणाऱ्या कामगारांना व झिलई लागलेली भांडी साफ करणाऱ्या स्त्रियांना त्याची विषबाधा होई. १८९८मध्ये गृहखात्याने रसायनज्ञ एडवर्ड थॉर्प व वैद्य टॉमस ऑलिव्हर यांच्याकडे याची चौकशी सोपविली. स्वच्छतेसाठी घेतलेल्या भांड्याची चकाकी अशा रीतीने येत होती. ही माहिती वस्तूच्या सौंदर्याला बाध आणते काय, असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्नच चुकीच्या ठिकाणी उभा आहे. पृष्ठभागाची चर्चा करावयाची तर तो कशाचा बनला आहे ही त्या चर्चेची पहिली पायरी होय.

मुठीची कसोटी

अशा वस्तूंची समीक्षा त्यांच्या काळातही होत होती. १८५२मध्ये मार्लबरो हाऊस येथे हेन्री कोल यांनी अलंकरणातील खोट्या तत्त्वांचे नमुने एका दालनात मांडले. सपाट पृष्ठावर खरीखुरी वाटणारी फुले रेखाटणे हा त्यांच्या लेखी मोठा अपराध होता. चार्ल्स डिकन्स यांनी 'हार्ड टाइम्स' (१८५४) या कादंबरीत गालिच्यावरील फुलांच्या प्रसंगातून या विचारसरणीची टर उडविली, हे इंग्रजीच्या अध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही. कोल यांची कसोटी डोळ्यांची होती. डिकन्स यांचा प्रतिवादही डोळ्यांच्या सुखाचाच होता. मनगटाचा विचार दोघांनीही केला नाही.

तो ख्रिस्टोफर ड्रेसर (१८३४–१९०४) यांनी केला. मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक असलेल्या ड्रेसर यांनी १८७३च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ डेकोरेटिव्ह डिझाइन' या ग्रंथात भांड्याची मूठ, चोच आणि गुरुत्वमध्य यांचा परस्परसंबंध आकृत्यांसह मांडला. ओतण्याचे पात्र सुंदर आहे किंवा नाही हे ते भरून उचलल्यावर ठरते, असा त्या मांडणीचा आशय. ही कसोटी टॉयलेट सेटला लावली असता प्रचलित श्रेणी उलटीपालटी होते. शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झालेल्या अनेक महागड्या पिचरांची मूठ वेलीसारखी पिळलेली, वर उसळून काठाच्याही पलीकडे गेलेली आणि सोनेरी रेघांनी मढविलेली आढळते. रिकामा असताना असा पिचर डौलदार दिसतो. भरला की सारे वजन दोन बोटांवर येते आणि दुसरा हात पोटाखाली लावावाच लागतो. याउलट अमेरिकेकडे मोठ्या प्रमाणावर निर्यात झालेल्या, बिननक्षीच्या पांढऱ्या आयर्नस्टोनच्या पिचरांची मूठ जाड आणि चारही बोटे सामावून घेणारी असते. बाजारात त्यांना साधे समजतात. बहुकोनी अंगामुळे त्यांच्यावर पडणारा प्रकाश छटाछटांनी तुटतो आणि नक्षीची उणीव भासत नाही. हा प्रकारही सर्वस्वी निर्दोष नाही. आयर्नस्टोन टिकाऊ खरे, पण मुळातच जड, आणि रिकाम्या भांड्याचेच वजन एवढे की पाण्याआधीच मनगट थकते.

तस्ताची गोष्ट निराळी. तेथे नक्षी आतल्या बाजूस आहे आणि ती पाण्यातून पाहावयाची आहे. चांगल्या तस्तात काठालगत दाट पट्टी, उतारावर मोकळी जागा आणि तळाशी एकच गुच्छ असतो. पाणी भरल्यावर तळाचा गुच्छ किंचित वर आल्यासारखा भासतो. मिठाच्या भट्टीतल्या धुक्यासारखा निळा रंग पसरू देणारी 'फ्लो ब्लू' पद्धत थाळीवर धूसर वाटते, तस्तात मात्र पाण्याखाली ती शोभते. येथे छापाच्या कारागिरीने पाण्याचा विचार केलेला दिसतो. म्हणून संचातील सर्वांत यशस्वी नग कोणता असा प्रश्न केला, तर पुराणवस्तूंच्या बाजारात पिचरकडे बोट दाखविले जाईल. कलादृष्ट्या तो मान तस्ताचा आहे.

कादंबरीतील दोन पिचर

या भांड्याचे सामाजिक स्थान ज्या साहित्यकृतीत विलक्षण नेमकेपणाने आले आहे ती शार्लट ब्राँटे यांची 'जेन एअर' (१८४७). लोवुडच्या अनाथ शाळेत सहा मुलींना मिळून एक तस्त आहे. आणि एका पहाटे पिचरमधील पाणी गोठल्यामुळे मुलींना धुण्यावाचूनच राहावे लागते. पुढे थॉर्नफील्डच्या वाड्यात मध्यरात्री रोचेस्टरच्या पलंगाला आग लागते, तेव्हा जेन त्याच्याच खोलीतील तस्त व पिचर उचलून पलंगावर रिकामे करते, धावत जाऊन स्वतःच्या खोलीतील पिचर आणते आणि आग विझविते. या धांदलीत तिने हातातून फेकलेला एक पिचर फुटतो. समीक्षकांनी या प्रसंगातील अग्नी आणि जल यांच्या प्रतीकांवर भरपूर लिहिले आहे. लोवुडचे गोठलेले पाणी आणि थॉर्नफील्डचे तयार असलेले पाणी यांतील अंतर मात्र प्रतीकांचे नाही. ते पैशाचे आणि नोकरांचे आहे.

मध्यरात्री मालकाच्या आणि शिक्षिकेच्याही खोलीतील पिचर काठोकाठ भरलेले होते, म्हणजे संध्याकाळी कोणीतरी ते भरून ठेवले होते. कादंबरी त्या व्यक्तीचे नाव घेत नाही. गव्हर्नेस ही नोकरही नाही आणि घरची मालकीणही नाही, हे तिचे अधांतर सर्वपरिचित आहे. तिच्या खोलीतही पाणी दुसऱ्याने भरलेले असावे, या तपशिलात ते अधांतर अधिक स्पष्ट होते. स्त्रीवादी वाचनाने जेनला वाचा दिली. पिचर भरणारी अजून वाचनाबाहेर आहे.

संचाची मोडतोड

नळ आला आणि संच मागे पडला. तो मागे पाडण्यात त्याच गावांचा हात होता. हॅन्ली येथील टॉमस ट्वायफर्ड यांनी १८८०च्या दशकात एकसंध चिनी मातीचे शौचकूप बाजारात आणले. ज्या मातीने शौचपात्रे पुरविली तिनेच ती कालबाह्य केली. तरीही नळ सर्वत्र एकदम पोहोचला नाही, त्यामुळे टॉयलेट सेट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही बनत राहिले. मराठीत 'बेसिन' हा शब्द आला तो भिंतीत बसविलेल्या, नळाखालच्या स्थिर पात्रासाठी. उचलून उपसावयाचे बेसिन या भाषेने पाहिलेच नाही.

संच मोडला तो एका विशिष्ट क्रमाने. शौचपात्र कोठे फुलदाणी झाले, कोठे विनोदाचा विषय झाले आणि पुष्कळदा फेकून दिले गेले. सांडपाण्याची बादली विलग झाली. पिचर आणि तस्त तेवढे दिवाणखान्यात आले. स्वच्छ पाणी येण्याचे पात्र राहिले, घाण पाणी जाण्याचे गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या धाटणीच्या ज्या नव्या प्रतिकृती निघाल्या त्या याच दोन नगांच्या, कित्येकदा जुन्यासारखा शिक्का मारून. स्मरणाची ही निवड निरागस म्हणता येत नाही. लाँग्टन येथील ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियमसारखे संग्रहालय भट्ट्यांसह कारखाना जतन करते आणि शौचकूपांच्या इतिहासालाही दालन देते. परंतु घरगुती अलंकृत भांड्यांच्या मांडणीत कारखाना, नक्षी व साल यांपलीकडे जाणारी पाटी अपवादानेच आढळते.

वापरात राहिलेल्या तस्ताच्या तळाशी बारीक वर्तुळाकार ओरखडे असतात. त्यातच उभा केलेला पिचर वर्षानुवर्षे उचलून ठेवल्याने ते पडलेले असतात. पिचरच्या मुठीच्या वरच्या मुळाशी केसासारखी चीर असते, कारण भरलेल्या वजनाचा ताण तेथेच येतो. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून फुगले असेल तर पोटावरही एखादी उभी चीर जाते. आत पाण्याच्या क्षारांची पिवळसर रेघ राहते आणि तिच्यावरून पिचर रोज कोठपर्यंत भरला जाई हे सांगता येते. लिलावाच्या सूचीत या तिन्ही खुणा दोषांच्या रकान्यात नोंदविल्या जातात आणि त्या प्रमाणात किंमत उतरते.